एका वेळी एकच पदार्थ

लग्नाला दोन वर्षं होत आली होती, तेव्हा माझ्या डाव्या कोपरावर रुपयाएवढा लाल चट्टा उठला. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. डोंबिवलीतल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी दुसरीच्या वर्गाला शिकवत होते. टेबलावर कोपर टेकून वह्या तपासायची सवय होती, त्यामुळे घासलं असेल म्हणून खोबरेल तेल लावलं आणि विसरून गेले. महिनाभरात तो चट्टा तळहाताएवढा झाला, त्यावर चंदेरी पापुद्रे धरले. दुसरा गुडघ्यावर आला, तिसरा कपाळावर केसांच्या रेषेपाशी. गडद साडी नेसले की दुपारपर्यंत खांद्यावर पांढरा भुगा दिसायचा.

नवरा ठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. त्यानंच ठाण्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञांचा पत्ता काढला. डॉक्टर वयस्कर होते, मोजकं बोलणारे. भिंगातून चट्टे बघितले, नखं बघितली आणि म्हणाले, "हा सोरायसिस. कुणाला लागत नाही. पण कायमचा जातही नाही. शरीराचं रक्षण करणारी जी यंत्रणा असते ना, ती चुकते आणि आपल्याच कातडीच्या मागे लागते. आपण तिला आटोक्यात ठेवायचं."

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस मोजू नका," ते म्हणाले. "सवय करा."

मी सव्वीस वर्षांची होते. त्यांनी दिलेल्या मलमाला डांबराचा वास यायचा. रात्री लावून झोपायचं, सकाळी अंघोळ केली तरी वास जायचा नाही. वर्गातली मुलं नाक मुरडून म्हणायची, "बाई, बाहेर रस्ता करतायत का?" मुलांचं मला काही वाटायचं नाही. वाटलं ते एका चिठ्ठीचं. एका मुलीच्या वहीत तिच्या आईनं लिहून पाठवलं होतं, 'बाईंनी अक्षर गिरवून घेताना मुलीचा हात धरू नये.'

मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. त्या वाईट नव्हत्या, पण घाबरल्या होत्या. "तू थोडे दिवस रजा घेतेस का?" म्हणाल्या. "जरा कमी झालं की ये."

"कमी झालं नाही तर?"

त्या टेबलावरचे कागद सारखे करू लागल्या. मी डॉक्टरांकडून लेखी आणलं की हा आजार संसर्गजन्य नाही, आणि त्यांना म्हटलं, पुढच्या पालकसभेत मला पाच मिनिटं द्या.

त्या सभेत मी उभी राहिले. कागद वाचून दाखवला. कुणाच्या चेहऱ्यावर फरक पडला नाही. मग मी साडीचा पदर खोचला, कोपर पुढे केलं आणि म्हटलं, "हे बघा. दुरून बघितल्यावर जास्त भयंकर वाटतं, म्हणून जवळ येऊन बघा. माझा नवरा दोन वर्षं माझ्या शेजारी झोपतोय, त्याच्या अंगावर एक डाग नाही." मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. एक आजोबा खरंच उठून आले, चष्मा वर करून त्यांनी कोपर बघितलं आणि म्हणाले, "माझ्या भावाला होतं हेच. काही लागत नाही." माझ्या भाषणापेक्षा आजोबांच्या त्या एका वाक्याचा जास्त उपयोग झाला. तरी दोन मुलं दुसऱ्या तुकडीत गेलीच. चिठ्ठीवाल्या बाईंची मुलगी मात्र माझ्याकडेच राहिली.

मलमानं चट्टे फिके पडायचे, सोडलं की परत यायचे. अशात सासूबाईंच्या मैत्रिणीनं कल्याणच्या एका वैद्यांचं नाव सुचवलं. वैद्यांनी नाडी बघितली आणि एक यादी लिहून दिली. मीठ नाही, आंबट नाही, दही नाही, वांगं, टोमॅटो, गूळ, तीळ, उडीद नाही. शेवटी ठळक अक्षरांत, मासळी नाही.

त्या शेवटच्या ओळीचे दोन घरांत दोन वेगळे परिणाम झाले. सासूबाईंना ती पटली. माझं सासर शाकाहारी. आमचं लग्न दोघांनी ठरवलेलं. मी ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. सासरच्यांनी मला नावं ठेवली नाहीत, पण मासळी उंबऱ्याच्या आत येणार नाही हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि मी ते मान्य केलं होतं. रविवारी माहेरी गेले की खायचे. आता तेही बंद.

माझी आई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. मी तिच्यासमोर ताट सरकवून "नको" म्हटलं तेव्हा तिनं ते परत माझ्यापुढे सरकवलं.

"लहानपनापासून रोज मासली खाल्लीस. तवा काय झाला गो तुला?" ती म्हणाली. "मासलीवर तुमी सगली शिकली. आन् आता मासलीनं रोग होते?"

"आई, वैद्यांनी सांगितलंय."

"सांगूंदे." तिनं ताट उचललं आणि पाठ वळवली. त्यानंतर बरेच रविवार मी गेले की ती फक्त वरणभात करायची, आणि स्वतःही तोच खायची.

मी यादी अक्षरशः पाळली. सुरुवातीला चट्टे थोडे उतरले आणि माझा उत्साह वाढला. मग मी यादीत स्वतःहूनच भर घातली. दूध सोडलं. मूग वगळता बाकी डाळी सोडल्या. कुणी काही सांगितलं की तेही सोडायचे. शेवटी अळणी दुधीभोपळा, मुगाचं पाणी आणि दोन पोळ्या एवढंच उरलं. तिसऱ्या महिन्यात फळ्यावर 'ज्ञ' काढत असताना अक्षर दोनदा दिसायला लागलं, आणि मी खडूसकट खाली आले. शुद्धीवर आले तेव्हा सगळा वर्ग माझ्याभोवती उभा होता आणि एक मुलगी पाटीनं वारा घालत होती.

रक्त तपासलं, फारच कमी निघालं. आणि चट्टे? पाठीपर्यंत पोचले होते. नवरा क्वचित चिडायचा, त्या दिवशी चिडला. "पुरे झालं. उद्यापासून नीट जेवायचं. कातडी राहू दे तशी."

"नाही," मी म्हटलं. "जेवणाचा काहीतरी संबंध आहे. पहिल्या महिन्यात फरक पडला होता. पण त्या यादीतल्या कशानं पडला, ते मला कळलं नाही, कारण सगळंच एकदम सोडलं. माझी पद्धत चुकली."

"म्हणजे अजून करणार आहेस?"

"करणार. पण पोटभर जेवून."

मी यादी घेऊन पुन्हा ठाण्याच्या डॉक्टरांकडे गेले. ते रागावतील अशी तयारी ठेवली होती. त्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली. म्हणाले, "खाण्यानं हा आजार बरा होतो असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण मला तसं माहीत नाही. काही रोग्यांना एखादा पदार्थ बाधतो, हे मी बघितलंय. कोणता, ते प्रत्येकाचं वेगळं. शोधायचंच असेल तर एका वेळी एकच पदार्थ बंद करा. निदान तीन आठवडे. मग परत सुरू करा आणि बघा. मलम चालू ठेवा, नाहीतर कोणता परिणाम कशाचा ते समजणार नाही. आणि उपाशी राहिलात तर माझ्याकडे येऊ नका."

हे मला पटलं. हे मुलांना शिकवण्यासारखंच होतं. एका दिवशी एक अक्षर.

वही घातली. डाव्या पानावर काय खाल्लं, उजव्या पानावर कातडी कशी आहे. पण 'थोडं बरं', 'जरा जास्त' असल्या शब्दांवर माझाच विश्वास बसेना. खाज कमी असली की सगळं कमी दिसतं. यावर तोड नवऱ्यानं काढली. कारखान्यातून ट्रेसिंग पेपरचे तुकडे आणले. दर रविवारी सकाळी मी खुर्चीवर पाय ताणून बसायचे, तो गुडघ्यावरच्या चट्ट्यावर कागद ठेवायचा आणि टोकदार पेन्सिलीनं कडा गिरवायचा. नकाशातल्या बेटासारखी आकृती उमटायची. मग ती आलेखाच्या कागदावर ठेवून आम्ही आतले चौकोन मोजायचो. सासूबाई पेपर वाचता वाचता म्हणायच्या, "चाललं यांचं सर्वेक्षण."

आधी दूध बंद केलं, बेट तेवढंच राहिलं. वांगं, तेच. टोमॅटो, तेच. दह्याचे तीन आठवडे मला फार जड गेले, आणि दह्याचाही काही संबंध निघाला नाही. पाच महिने झाले, सापडलं काहीच नाही. पण प्रत्येक वेळी एक पदार्थ ताटात परत यायचा, अंगात ताकद येत होती, आणि वर्गात मी दिवसभर उभी राहू शकत होते. हेही वहीत लिहून ठेवलं.

मग गव्हाची पाळी आली. खरं तर गव्हावर माझा संशय नव्हताच. वैद्यांच्या यादीत तो नव्हता आणि सगळं सोडलं तेव्हाही मी पोळी खातच होते. यादीत नसलेलंही एकदा बघू, एवढ्याच विचारानं सोडला. पोळी गेली, पाव गेला, रवा, मैदा, शाळेत चहाबरोबरची बिस्किटं गेली. हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं, हे मला वाण्यानं सांगितलं, तोही गेला. तिसऱ्या रविवारी नवऱ्यानं कागद उचलला आणि मागच्या आठवड्याच्या कागदावर ठेवला. बेट सगळीकडून आत सरकलं होतं.

"योगायोग असेल," तो म्हणाला. पण आवाज बदलला होता.

पाच आठवड्यांनी बेट निम्मं झालं. मग मी ठरल्याप्रमाणे पोळी सुरू केली. मला नको होतं ते, पण तसं केल्याशिवाय खात्री कशी होणार? दहा दिवसांत कडा लाल झाल्या आणि खाजेनं झोप उडाली. पुन्हा गहू बंद केला, पुन्हा उतरलं. तिसऱ्यांदा करून बघूया का, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "तुझ्या कातडीवर कर."

आता मला माझ्याच लहानपणाची आठवण यायला लागली. माहेरी गहू फार नव्हता. तांदळाची भाकरी आणि कालवण. रोजची पोळी सासरी आल्यावर सुरू झाली. यातून काही सिद्ध होत नाही, हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. माझी धाकटी बहीणही लग्नानंतर पोळ्याच खात होती, तिला काही झालं नाही. पण मला काय खायचं ते कळलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

अडचण एकच, मला तांदळाची भाकरी येत नव्हती. मी अभ्यासातली मुलगी, आईनं चुलीपाशी बसू दिलंच नव्हतं. सासूबाईंनी दोनदा थापून बघितली, दोन्ही वेळा तव्यावर तिचे तुकडे झाले. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुझ्या आईंना बोलाव. त्या दाखवतील."

लग्नानंतर आई त्या घरी एकदाही आली नव्हती. बोलावलं नव्हतं असं नाही, तीच टाळायची. या वेळी आली. धुवट पातळ, केसांत अबोलीचा गजरा, हातात तांदळाच्या पिठाची पिशवी. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबली आणि सासूबाईंना म्हणाली, "बाजारातून नाय आले हां मी. काल सुट्टी घेतली. हात लिंबानं तीनदा धुतलेत."

सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग पुढे झाल्या, आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "विहीणबाई, असं कशाला करायचं? याच हातांनी शिकवायचंय तुम्हाला मला." त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटतं, आपल्या घराच्या नियमाचा समोरच्या माणसाला काय भार होतो, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आईनं पातेल्यात पाणी ठेवलं. "पानी उकललं की पीठ टाकाचा. मंग झाकन. घाई नाय कराची." वाफ जिरल्यावर उकड परातीत काढली, हाताला चटके बसत असताना मळली. सासूबाई वहीत लिहून घेत होत्या. आई हसली. "लिहून नाय येत ते. हात घाला." मग त्या दोघी एकाच परातीत हात घालून बसल्या. पहिली भाकरी सासूबाईंची वाकडी झाली, दुसरी फाटली, चौथी टम्म फुगली. त्या एवढ्या आनंदानं ओरडल्या की सासरे बाहेरून धावत आले.

दुपारी गरम भाकरी आणि मसुराची आमटी जेवताना आईनं सरळ विषय काढला. "मासलीचा काय? ते पन बघितलंव का वहीत?"

बघितलं नव्हतं. मासळीची परीक्षा मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण घराचा प्रश्न होता. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या भांड्यातलं पाणी पिऊन म्हणाल्या, "तुझ्या आईंकडे जाऊन खा की. आठवड्यातून तीनदा जा. शाळा सुटल्यावर ठाण्याला किती वेळ लागतो? इथला नियम मी मोडणार नाही, पण तुझ्या अंगाला मानवत असेल तर अडवणारी मी कोण?"

मग तीन महिने मी मंगळवार, शुक्रवार, रविवार माहेरी जेवायला जायला लागले. तारली, बांगडा, बोय, फारसं तेल न घालता. चट्टे वाढले नाहीत. थोडे शांतच झाले. कोळंबी खाल्ली की मात्र दुसऱ्या दिवशी अंग खाजायचं, आणि सुकटीनंही तेच. सुकट म्हणजे आईचा जीव. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरा. दोन सोडाव्या लागल्या. पर बांगडा तर वाचला!"

बाहेर पाळणं घरच्यापेक्षा अवघड होतं. लग्नांत, मुंजींत, हळदीकुंकवाला तोच आग्रह. "एका पोळीनं काय होतंय?" "अगं, पुरण आहे, पोळी नुसती नावाला!" सुरुवातीला मी आजार समजावून सांगत बसायचे, आणि लोक घास हातात धरून माझ्या कोपराकडे बघायचे. पुढे एकच वाक्य ठरवलं. "मला मानवत नाही." तेवढंच, हसून, आणि दुसऱ्यांदा तेच. पिशवीत स्टीलच्या डब्यात दोन भाकऱ्या असायच्या. चुलत सासूबाई एकदा पंगतीत मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्या अन्नाला नावं ठेवतेस की काय?" मी उत्तर द्यायच्या आधी सासूबाई म्हणाल्या, "तिची भाकरी मीच करून दिलीये. नावं ठेवायची तर मला ठेवा." गणपतीत मात्र मी सगळा वचपा काढायचे. उकडीचे मोदक तांदळाचे. एका वर्षी अकरा खाल्ले आणि वहीत अभिमानानं लिहिले.

चार-पाच वर्षं अशी बरी गेली. कोपर जवळजवळ साफ झालं, गुडघ्यावर फिकट खूण उरली. मलम महिन्यातून कधीतरी. मला वाटायला लागलं की मी जिंकले. मनातल्या मनात मी डॉक्टरांना सांगायचेसुद्धा, बघा, गेला की नाही!

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझे वडील गेले. सकाळी होडी दुरुस्त करायला खाडीवर गेले आणि तिथेच बसल्या जागी गेले. सुतकात मी गव्हाचा कण तोंडात घातला नाही. तरी महिन्याभरात पाठ, पोट, पाय, सगळं भरून आलं. आधी कधीच एवढं झालं नव्हतं. मी वही उघडून पानं मागे-पुढे करत होते. काय खाल्लं? कुठे चुकलं? आई शेजारी येऊन बसली. तिनं हळूच वही माझ्या हातातून घेतली आणि मिटली. म्हणाली, "बाप गेला तुझा. ह्ये काय खाल्ल्यानं नाय झायला."

तेव्हा मी रडले. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

डॉक्टर आता आणखी थकले होते. त्यांनी पाठ बघितली, औषध वाढवलं, रोज सकाळी थोडा वेळ कोवळ्या उन्हात बसायला सांगितलं. मी विचारलं, "म्हणजे माझं पथ्य फुकट गेलं?" ते म्हणाले, "पथ्य एक काठी आहे. काठी असली तरी माणूस खड्ड्यात पडतो. म्हणून काठी टाकून देतात का?" सात महिने लागले. मी भाकरी खात राहिले, औषध घेत राहिले, गच्चीत उन्हात पाठ करून बसत राहिले. उतरलं. सगळं नाही, बरंचसं.

त्यानंतर काही वर्षांनी शाळेतल्या शिपाईबाई त्यांच्या नात्यातल्या एका बाईंना घेऊन आल्या. दिवा स्टेशनजवळ राहणारी, तिशीची, दोन्ही तळहातांना भेगा, त्यांतून रक्त. तिनं आल्या आल्या विचारलं, "बाई, तुम्ही काय सोडलं ते सांगा, मीपण सोडते."

मी म्हटलं, "आधी तू काय खातेस ते सांग."

ती जरा लाजली. सकाळी चहा-पाव, दुपारी कामावर वडापाव, संध्याकाळी बहुतेक चहा-पावच. चाळीत पाणी दोन दिवसांआड यायचं. भांडी घासायला पाणी नसलं की स्वयंपाकच टाळायची. तिला उकड, भाकरी, कालवण सांगणारी मी कोण? भाकरीच्या परातीला किती पाणी लागतं, याचा विचार मला कधी करावाच लागला नव्हता.

मी आधी तिला डॉक्टरांकडे नेलं; तिलाही सोरायसिसच निघाला. मग दोघींनी मिळून ठरवलं. एका कुकरमध्ये भात आणि डाळ, एकच भांडं, वर घालून घ्यायला एखादी भाजी. तिनं पाव तीन आठवडे सोडला. तिच्या तळव्यात काहीही फरक पडला नाही. आम्ही दूध बघितलं, अंडं बघितलं. काही नाही. माझ्या मनात होतं की तिचाही गहूच निघावा; तसं झालं असतं तर मला स्वतःचंच खूप खरं वाटलं असतं. पण तिची कातडी तिची होती. औषधानं आणि भांडी घासताना रबरी मोजे घातल्यानं तिला जास्त आराम पडला. मात्र ती पावाकडे परत गेली नाही. म्हणाली, "भात-डाळ खाल्ली की दुपारी चक्कर येत नाय, बाई. ते तरी बरं झालं."

माझ्या गुडघ्यावर अजून एक फिकट खूण आहे. काही महिने ती दिसत नाही, काही महिने लाल होते. मी सकाळी उठून पीठ चाळते, पाणी उकळायला ठेवते.